गाडी सुटली, पण आपण?

मद्यपान करून गाडी हाकणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ अन्वये अपराध आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास, २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे, पहिल्याच अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. ठाण्याच्या आवारात अडकलेली गाडी कागदपत्रे दाखवून व न्यायालयाची आज्ञा मिळवून सोडविता येते. परंतु वाटेत एखादे लेकरू चिरडले गेले असते, तर ते आपण कोणता दंड भरून परत आणिले असते? गाडी घरी येते. मन मात्र गुत्त्यातच गहाण राहते. उधळ्या पुत्र शुद्धीवर आला, तेव्हाच त्यास पित्याच्या घराची वाट सापडली. म्हणून किल्ली हाती घेण्यापूर्वी आपण प्रभूपुढे गुडघे टेकू या आणि प्याला कायमचा खाली ठेवू या.