गंधसरूचा ओटा

सन 2022 च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहराच्या वेशीबाहेर, तीन आठवडे राहण्याचा योग आम्हांस आला. आम्ही नवखे धर्मगुरू असताना ज्या मुलाची पहिल्या कम्युनियनची तयारी करून घेतली होती, तोच आता तेथे संसार थाटून बसला आहे. त्याच्या धाकट्या मुलीच्या बाप्तिस्म्यासाठी त्याने आम्हांस आग्रहाने बोलाविले होते. त्याच सुमारास त्याच्या घरामागे एका लाकडी ओट्याचे काम सुरू झाले होते. त्या ओट्याने आमच्यापुढे एक प्रश्न उभा केला, आणि तो प्रश्न घेऊनच आम्ही मायदेशी परतलो. वाचकांपुढे तो ठेवावा, असे बरेच दिवस मनात होते.

तिकडे अशा ओट्याला डेक म्हणतात. आपल्या घराला पुढे ओटी असते, येणाऱ्याजाणाऱ्याला तेथे बसवावे, विचारपूस करावी. तिकडचा डेक बहुधा घराच्या मागे असतो. जमिनीपासून हात-दोन हात, कधी पुरुषभर उंच, खाली खांब व तुळया आणि वर फळ्या. आमच्या यजमानाने त्यासाठी सीडर हे लाकूड निवडले होते. सीडर म्हणजे आपल्या मराठी बायबलमधला गंधसरू, हे ऐकून आम्हांस साहजिकच कौतुक वाटले. पुढे चौकशीअंती कळले की, हा शलमोनाचा गंधसरू नव्हेच. लबानोन पर्वतावरचा गंधसरू आणि आपल्या हिमालयातील देवदार ही सख्खी भावंडे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया, वॉशिंग्टन आणि ऑरेगन या प्रदेशांत जो 'वेस्टर्न रेड सीडर' वाढतो, तो सुरूच्या कुळातला. वासाच्या साम्यावरून त्याला हे नाव पडले असावे. ऑस्टिनच्या आसपासच्या टेकड्यांवर लोक ज्याला सीडर म्हणतात, ते तर तिसरेच झाड. एक नाव आणि तीन वृक्ष!

नाव उसने असले तरी या लाकडाचे गुण खरे आहेत. ते वजनाला हलके असते, त्याच्या पेशींत हवा कोंडलेली असते, म्हणून दगडी फरशीइतके ते ऊन साठवीत नाही. भर उन्हाळ्यात संध्याकाळी त्यावर अनवाणी पाय ठेवता येतो. त्याच्या अंगच्या द्रव्यांमुळे बुरशी आणि कीड त्यास सहसा लागत नाही. मात्र हा गुण झाडाच्या गाभ्यातील तांबूस लाकडाचा आहे. सालीलगतचे पांढरे लाकूड नवे असताना तितकेच देखणे दिसते, पण ते लवकर कुजते. उन्हाने सीडरचा रंग थोड्याच काळात राखाडी होतो. तो टिकवायचा तर ठरावीक काळाने तेल पाजावे लागते. साधे लोखंडी खिळे त्यास चालत नाहीत, काळे ओघळ येतात, म्हणून गंज न धरणारे पोलादी स्क्रू वापरतात. दोन फळ्यांमध्ये पाणी निथळण्यापुरती फट ठेवावी लागते. हे सारे आम्हांस आमच्या यजमानाने मोठ्या हौसेने समजावून सांगितले. महिनोन्‌महिने अभ्यास करून त्याने एकेक फळी निवडली होती.

काम एका कंत्राटदाराकडे होते. तिघांनी दर दिले होते, त्यांतला हा सर्वांत कमी. सकाळी नऊच्या सुमारास मुकादम चार मजूर आणून सोडी आणि सायंकाळी घेऊन जाई. त्या महिन्यात पारा जवळजवळ रोजच अडतीस अंशांपलीकडे जात होता. अंगणात झाड नव्हते. आम्ही वातानुकूलित खोलीत बसून काचेतून पाहत असू. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता त्यांतील एक मजूर, चाळिशी उलटलेला, हातातले यंत्र खाली ठेवून जमिनीवर बसला आणि मग आडवा झाला. आम्ही दोघे धावलो. त्याला आत घेतले, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. त्याची भाषा स्पॅनिश, आमच्यापाशी सेमिनरीतले थोडे लॅटिन. आम्ही "आक्वा" म्हटले, तो "आग्वा" म्हणाला, आणि एवढ्यावर आमचा परिचय झाला. देवकृपेने तासाभरात त्याला बरे वाटले. मुकादम आला तेव्हा त्याने प्रथम विचारले ते, काम किती मागे पडले.

त्या रात्री जेवताना यजमान अस्वस्थ होता. तो म्हणाला, "फादर, मी पैसे कंत्राटदाराला दिले. ऑस्टिन शहरात बांधकामावरच्या माणसाला दर चार तासांनी दहा मिनिटे विश्रांती द्यायचा नियम आहे, 2010 पासून. पण आमचे घर हद्दीबाहेर. इथे तो नियमही लागू नाही. मग यात माझा दोष कुठे?"

प्रश्न सरळ होता. आणि आम्ही कबूल करतो की, त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. करार झाला म्हणजे कर्तव्य संपते काय?

त्याच्या बाजूने बरेच बोलता येईल. मजुराने काम स्वखुशीने पत्करले होते, कोणी त्याला जुंपले नव्हते. कमी दर स्वीकारणे हे पाप नव्हे, बाजारात प्रत्येक गृहिणी तेच करते. शिवाय आपण विकत घेतो त्या प्रत्येक वस्तूमागचा प्रत्येक हात शोधू लागलो, तर जगणेच अशक्य होईल. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांस दुसऱ्याच्या दुष्कृत्यातील सहभागाचे प्रकार शिकविले होते: एक इच्छेने केलेला, दुसरा इच्छा नसताना केवळ कृतीने घडलेला. दूरच्या सहभागाचा भार हलका आणि जवळच्याचा जड, हेही शिकविले होते. त्या तराजूत तोलले तर आमच्या यजमानाने कोणाचे वाईट इच्छिले नव्हते, हे निश्चित.

परंतु त्याच तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. अंतर मोजायचे तर ते येथे किती होते? काचेच्या एका तावदानाइतके. ज्याला फळीच्या गाभ्यातील आणि सालीलगतच्या लाकडाचा भेद कळण्याइतका वेळ मिळाला होता, त्याला फळी ठोकणाऱ्याला दुपारी सावली कोठे मिळते, हे पाहण्यास वेळ मिळाला नव्हता. त्याचा दोष दुष्टपणाचा नव्हता. त्याने लक्ष कोठे द्यायचे हे ठरविले होते, आणि त्या हिशेबात माणूस राहून गेला होता.

पवित्र शास्त्रात अनुवादाच्या पुस्तकात घरबांधणीचा एक लहानसा नियम आहे. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा त्याचा आशय. उष्ण प्रदेशातील ती घरे, लोक रात्री गच्चीवर निजत, म्हणून हा नियम. त्यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दोष गवंड्याच्या माथी मारलेला नाही. घर ज्याचे, त्याच्या माथी आहे. कठडा बांधण्याचे काम दुसऱ्यास सोपविता येते, कठड्याची जबाबदारी सोपविता येत नाही.

यिर्मया संदेष्ट्याने यहोयाकीम राजाची कानउघाडणी केली तीही घरावरूनच. राजाने प्रशस्त माड्यांचे, गंधसरूच्या तक्तपोशीचे घर बांधविले आणि राबणाऱ्यांची मजुरी बुडविली. संदेष्ट्याचा राग गंधसरूवर नाही. तुझा बापही खाऊनपिऊन होता, पण तो न्यायाने वागला, असे तो राजास बजावतो. म्हणजे चांगले घर बांधणे, उन्हाळ्याच्या संध्याकाळी मुलाबाळांसह मोकळ्या हवेत बसणे, यात वावगे काही नाही. शलमोनाने लबानोनात तीस हजार माणसे वेठीस धरली, दरमहा दहा हजार, पाळीपाळीने. मंदिर भव्य झाले. पण त्याच्या मरणानंतर लोकांनी प्रथम गाऱ्हाणे मांडले ते त्या जुवाचे. त्याच्या पुत्राने ते ऐकले नाही, तेव्हा राज्य दुभंगले आणि वेठीवरच्या अधिकाऱ्यास लोकांनी दगडमार करून ठार केले. देवाच्या घरासाठीसुद्धा माणसाला कसेही राबविण्याची मुभा नाही, असाच याचा अर्थ आम्ही घेतो.

हे सारे आम्ही त्या रात्री यजमानास सांगितले नाही. सांगण्याचा अधिकार आम्हांस होता की नाही, याची आम्हांसच शंका होती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात आमच्या देखरेखीखाली सभागृह बांधले गेले. आम्हीही सर्वांत कमी दर स्वीकारला, आणि वाचविलेल्या पैशांबद्दल रविवारी वेदीवरून जाहीर समाधान व्यक्त केले. परमुलुखातून आलेली मजुरांची कुटुंबे आवाराच्या कोपऱ्यात पत्र्याखाली राहत. त्यांच्या बायका पाणी कोठून आणतात, हे आम्ही वर्षभरात एकदाही विचारले नाही. उद्‌घाटनाच्या दिवशी देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरलेली होती आणि पत्र्याची खोपटी आदल्या दिवशी उठविली गेली होती, आवार स्वच्छ दिसावे म्हणून. तो आदेश आमचा होता. एवढेच आम्ही त्या रात्री यजमानास सांगितले.

दुसऱ्या दिवशी त्याने कंत्राटदारास बोलावून घेतले. काम सकाळी सहा ते अकरा आणि मग उन्हे कलल्यावर, अंगणात ताडपत्रीची सावली, थंड पाणी, आणि दिवस वाढतील त्यांची मजुरी यजमान देईल, मात्र ती त्याच्यासमोर मजुरांच्या हाती पडावी. कंत्राटदाराने कुरकुर केली, पण मान्य केले. काम नऊ दिवस लांबले.

पाचव्या-सहाव्या दिवशी तो आडवा झालेला गृहस्थ यजमानास हाताने खुणावून ओट्याच्या कडेला घेऊन गेला. त्याने दोन फळ्या उचलून दाखविल्या. घराच्या भिंतीला जी आडवी तुळई जोडतात, जिच्यावर ओट्याची एक अख्खी बाजू तोललेली असते, ती नुसत्या खिळ्यांवर होती. तेथे आरपार बोल्ट हवेत, शिवाय भिंतीत पाणी मुरू नये म्हणून वरून पत्र्याची पट्टी हवी. दोन्ही नव्हते. वरून पाहता ओटा निर्दोष दिसत होता. वेळ आणि पैसा जेथे दिसत नाही तेथे वाचविला होता, माणसाच्या अंगातून आणि तुळईतून, एकाच हिशेबाने. ही गोष्ट त्या मजुराला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. पण त्याला कोणी विचारले नव्हते, आणि न विचारता बोलण्याइतके ते घर त्याला आपले वाटले नव्हते.

असे खिळे कालांतराने उपटून येतात व ओटा भिंतीपासून सुटतो. तिकडे ओटे कोसळण्याच्या दुर्घटनांचे हे एक नेहमीचे कारण मानले जाते. 2015 च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका इमारतीचा चौथ्या मजल्यावरील सज्जा वाढदिवसाच्या मेजवानीत तुटला आणि सहा तरुण मृत्युमुखी पडले. त्यांतील पाच आयर्लंडहून आलेले विद्यार्थी होते. तेथील कारण निराळे, आत पाणी मुरून लाकडी तुळया कुजल्या होत्या. पण वरून काही कळत नव्हते, हे मात्र सारखेच. 2018 साली त्या राज्याने बहुकुटुंबी इमारतींतील अशा सज्ज्यांची ठरावीक काळाने तपासणी सक्तीची केली.

कायदा हवाच. पण कायद्याला हद्द असते, ती कधी रस्त्यापलीकडे संपते, तर कधी मागेही सरते. 2023 साली टेक्सासच्या विधिमंडळाने शहरांना राज्याच्या कायद्यापलीकडे जाणारे असे नियम करण्यास मज्जाव करणारा कायदा संमत केला. दहा मिनिटांच्या विश्रांतीचे ऑस्टिनचे व डॅलसचे नियम त्याच्या तावडीत आले. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली आपल्या 'रेरूम नोव्हारुम' या परिपत्रकात या प्रश्नाला हात घातला होता. दोघांनी राजीखुशीने करार केला तरी त्या कराराहून जुना असा निसर्गदत्त न्याय आहे, आणि गरजेपोटी दिलेल्या होकाराने तो न्याय फिटत नाही, असा त्या शिकवणीचा गाभा आहे. आमच्या यजमानाच्या प्रश्नाला आमच्या मते हेच उत्तर. करार झाल्याने काम दुसऱ्याचे होते, पण जे आपल्या डोळ्यांसमोर घडते आणि आपल्या शब्दाने थांबू शकते, ते आपलेच राहते. जगातील प्रत्येक मजुराचा भार कोणा एकावर नाही. आपल्या अंगणात उभा असलेल्याचा मात्र आहे.

आज आपल्याकडेही जुनी कौलारू घरे उतरवून बंगले उभे राहत आहेत. लादी कोणती, दाराला लाकूड कोणते, यावर घराघरांत रात्र रात्र चर्चा होते. होऊ द्यावी, घर आयुष्यात एकदाच बांधले जाते. त्या चर्चेत आणखी तीन प्रश्न घालावेत, एवढीच आमची विनंती. या माणसांना दुपारी सावली कोठे? पाणी कोठले? आणि शनिवारी मजुरी कोणाच्या हाती पडते? ज्या घरी हे विचारले जाते, त्या घरच्या भिंतीत काय चुकले आहे, तेही वेळीच कळण्याचा संभव आहे.

गेल्या वर्षी यजमानाने ओट्याचे छायाचित्र पाठविले. तेल पाजायचे राहून गेले, फळ्या राखाडी झाल्या आहेत, अशी तक्रार त्याने सोबत लिहिली होती. छायाचित्रात त्याची मुलगी ओट्यावर अनवाणी धावताना दिसते. आम्ही त्यास कळविले की, रंग गेला तरी हरकत नाही, बोल्ट तेवढे वर्षातून एकदा तपासत जा.