जादू कोणाच्या मालकीची?

परीकथेला यंत्रांचा साज चढवला म्हणून ती विज्ञानकथा होत नाही, असं आपल्याकडे अलीकडे फार ठामपणे सांगितलं जातं. सांगणारी माणसं चांगली वाचलेली आहेत, म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं. त्यांचा आक्षेप असा: छडीच्या जागी रोबो आला, भोपळ्याच्या जागी मोटार आली, राणी चंद्रावर राहायला गेली, बाकी गोष्ट जुनीच. अशाने विज्ञानाची शिस्त सैल होते आणि परीकथेची गोडीही जाते. या आक्षेपामागे आपली एक परंपरा उभी आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली. त्या पिढीने कथेतलं विज्ञान पक्कं असलं पाहिजे, हा आग्रह मराठीत रुजवला. त्या आग्रहाने आपलं भलंच केलं. पण विज्ञान खरं की खोटं एवढं एकच विचारत बसलं, तर काही पुस्तकं हाताला लागतच नाहीत.

मारिसा मायर या अमेरिकन लेखिकेची ‘सिंडर’ ही कादंबरी त्यांपैकी एक. २०१२ साली आलेली, किशोरांसाठी लिहिलेली. चौथं महायुद्ध होऊन गेलेलं आहे. न्यू बीजिंगच्या बाजारात सोळा वर्षांची एक मुलगी मेकॅनिकचा गाळा चालवते. ती सायबॉर्ग आहे, शरीराचा ३६.२८ टक्के भाग यंत्राचा. कादंबरी उघडते तेव्हा ती घोट्याचा गंजलेला स्क्रू पिळून आपलं धातूचं पाऊल काढते आहे. अकराव्या वर्षी शस्त्रक्रियेत बसवलेलं ते पाऊल आता लहान पडतं. नवीन पाऊल यायचं आहे, आणि नेमका त्याच वेळी वेष बदललेला राजपुत्र बिघडलेला अँड्रॉइड दुरुस्तीला घेऊन समोर उभा राहतो. तिला उठून धड मुजरा करता येत नाही, कारण उभं राहायला पाऊलच नाही.

इथे मायर यांनी काय केलं ते नीट पाहिलं पाहिजे. सिंड्रेलाची गोष्ट म्हणजे पावलाच्या मापाची गोष्ट. नवव्या शतकात तुआन छंग-शृ या चिनी ग्रंथकाराने नोंदवलेल्या ये शिएनच्या कथेत सोन्याचा जोडा राज्यातल्या सगळ्यांत लहान पावलालाही होत नाही. फ्रेंच लेखक पेरोने १६९७ साली तो काचेचा केला. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहात आई सुरी पुढे करते. एक बहीण अंगठा कापते, दुसरी टाच, आणि जोड्यातून रक्त ठिबकतं. म्हणजे ‘बाईने मापात बसावं’ ही मागणी गोष्टीत पहिल्यापासून आहे, आणि तिची किंमत शरीरातून वसूल होते हेही ग्रिमना दिसलं होतं. मायर यांनी बुटाऐवजी पाऊलच सुटं केलं. सावत्र आई, अ‍ॅड्री, हिची धाकटी मुलगी साथीत मरते. त्या दुःखात ती सिंडरला नवं पाऊल काढून द्यायला लावते. तिला तो हक्क आहे. कायद्याने सायबॉर्ग ही पालकाची मालमत्ता. सिंडरची कमाई अ‍ॅड्रीची, आणि त्या कमाईतून घेतलेलं पाऊलही अ‍ॅड्रीचंच. मग ही मुलगी जुनं, लहान पडलेलं पाऊल पुन्हा चढवते, भंगारातून उभी केलेली पेट्रोलवरची नारिंगी गाडी काढते आणि पावसात भिजत राजवाड्यावर पोचते. परतताना पायऱ्यांवर ते पाऊल निखळतं. राजपुत्राला तेव्हा कळतं की ती सायबॉर्ग आहे.

आता डार्को सुविन यांच्याकडे वळतो, कारण परीकथेला दाराबाहेर ठेवणाऱ्यांचं खरं बळ त्यांच्यात आहे. झाग्रेबमध्ये जन्मलेले आणि माँट्रियलमध्ये १९९९पर्यंत शिकवलेले हे विद्वान. विज्ञानकथा म्हणजे ओळखीच्या जगाला अनोळखी करणारं, पण बुद्धीला पटेल अशा रीतीने अनोळखी करणारं लेखन, ही व्याख्या त्यांची. त्यांचा या विषयावरचा प्रमुख ग्रंथ १९७९चा. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या रंगभूमीवरून त्यांनी हा विचार घेतला, आणि ब्रेख्तप्रमाणेच त्यांनाही वाचकाने गुंगून जाण्यापेक्षा जागं व्हावं असं वाटतं. मला ही व्याख्या आजही प्रिय आहे. पण तिच्या बळावर ते परीकथेला हद्दपार करतात. उडता गालिचा गुरुत्वाकर्षणाला बगल देतो. परीकथेचं जग बंद, तिथे इच्छा केली की पुरी होते. म्हणून ती आपल्या जगाबद्दल काही शिकवू शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद.

यात दोन गोष्टी निसटतात. पहिली: गालिचा उडू शकतो का, हा प्रश्न परीकथा ऐकणारं मूलही विचारत नाही. ते विचारतं, गालिचा कोणाला मिळाला? दुसऱ्याने का नाही घेतला? हा वाटपाचा प्रश्न आहे, आणि तो बुद्धीचाच आहे. ये शिएनच्या कथेत जादू माशाच्या हाडांत असते. मुलगी मागते ते तिला मिळतं. पुढे राजा हाव धरून मागत सुटतो, तेव्हा वर्षभरात हाडं उत्तर देणं बंद करतात. अकराशे वर्षांपूर्वीच्या या गोष्टीत देणगी आणि उपसा यांतला फरक लख्ख कळलेला आहे. या जगाला बंद कसं म्हणायचं?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. परीकथेतल्या जादूला मालक नसतो. परी देते, बिल देत नाही. तंत्रज्ञानाला मात्र नेहमी मालक असतो. म्हणून जादूच्या नेमक्या जागी यंत्र बसवलं, की जुन्या गोष्टीत कधीच न विचारलेले प्रश्न आपोआप उघडे पडतात: हे कोणी बनवलं, पैसे कोणी मोजले, परत मागायचा अधिकार कोणाला? सिंडरचं पाऊल शक्य आहे की नाही, याने तिची गोष्ट विज्ञानकथा ठरत नाही. ते पाऊल काढून घेता येतं, याने ठरते. साथीवरच्या औषधाच्या प्रयोगांसाठी त्या राज्यात सायबॉर्गांची सक्तीने निवड होते, आणि अ‍ॅड्री मोबदल्यासाठी सिंडरला स्वतःहून पाठवते. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांवाचून ठेवून नुसतं न्याहाळलं गेलं. प्रयोगासाठी कोणाचं शरीर स्वस्त समजलं जातं, हा प्रश्न मायर यांनी कल्पनेतून काढलेला नाही. इथे वाचक ब्रेख्तच्या अर्थानेच जागा होतो, आणि त्याला जागं करणारी सिंड्रेला आहे.

याची दुसरी साक्ष ‘ए.आय.’ या २००१च्या चित्रपटाची. ब्रायन आल्डिस यांच्या १९६९च्या कथेवर तो बेतला, पण मूळ कथेत नसलेली पिनोकियो या लाकडी बाहुल्याची गोष्ट त्यात स्टॅन्ली कुब्रिक यांनी आग्रहाने आणली. आल्डिस यांना ते पसंत नव्हतं. निळी परी विज्ञानकथेत कशाला, हा त्यांचा सवाल. स्पीलबर्ग यांनी चित्रपट पुरा केला. त्यात यंत्रमुलगा बुडालेल्या कोनी आयलंडमध्ये परीच्या पुतळ्यापुढे खरा मुलगा करण्याची विनवणी करत राहतो. कोलोदीच्या पिनोकियोला चांगलं वागून मुक्ती मिळते. हा मुलगा कितीही चांगला वागला तरी तो कारखान्याचा माल आहे. परी नसती, तर ही क्रूरता इतकी स्पष्ट झाली नसती.

पण इथवर आल्यावर मला विरोधकांची एक बाजू मान्य करावीच लागते. ‘सिंडर’च्या शेवटी तुरुंगात तिला सांगण्यात येतं की ती चंद्राच्या सिंहासनाची हरवलेली वारस आहे. ज्या मुलीने मालमत्ता ठरलेल्या शरीराचा प्रश्न उभा केला, तिला उत्तर मिळतं ते राजरक्ताचं. बाकीच्या सायबॉर्गांचं काय? त्यांना कोणी वंश देणार नाही. इथे यंत्राने परीकथेला प्रश्न विचारायचं सोडलं आणि परीकथेने यंत्राला गप्प बसवलं. पेरोची सिंड्रेलाही मुळात खानदानी घरातलीच. ती वर चढत नाही, आपल्या जागी परत जाते. २०१५ साली आलेल्या, त्याच मालिकेतल्या ‘विंटर’मध्ये सिंडर राज्य मिळवून राजेशाहीच सोडून द्यायचं ठरवते आणि चंद्रावर प्रजासत्ताक आणू पाहते. लेखिकेला ही अडचण जाणवली असावी. पण सिंहासन सोडायलाही आधी राजकन्या असावं लागतं. म्हणून माझा निकाल असा: पुनर्कथन जुन्या गोष्टीचं सामान बदलतं तेव्हा नव्हे, तर जुना शेवट तसाच ठेवतं तेव्हा फसतं.

मराठी लेखकांनी हे काम उसन्या राजकन्यांवर करण्याची गरज नाही. खुलभर दुधाची कहाणी घ्या. देवाचा गाभारा भरायचा म्हणून राजा गावातलं सगळं दूध मागवतो. घरोघरची मुलं, वासरं उपाशी राहतात आणि गाभारा भरत नाही. एक म्हातारी आधी घरच्यांना आणि वासरांना पाजते, उरलेलं खुलभर आणते, आणि गाभारा भरतो. मोठ्या कामाच्या नावाखाली सगळ्यांकडचं गोळा करणारी सत्ता, आणि आधी भुकेल्याला देणारी बाई: संसाधनांच्या वाटपाचा एवढा नेमका विचार सुविन यांना कोणत्या विज्ञानकथेत सापडला असता? त्या गाभाऱ्याच्या जागी शहराचं धरण ठेवा, वीज ठेवा, माणसांची माहिती गिळणारं यंत्र ठेवा. मात्र शेवटी म्हातारीला राजघराण्यातली करू नका. ती म्हातारीच राहिली पाहिजे, आणि तिने राजाला त्याची चूक तोंडावर सांगितली पाहिजे. मूळ कहाणीत ती सांगतेच, आणि राजाला ती ऐकून घ्यावी लागते.