हौस आणि हात

आपल्या हाताने एखादा पाट किंवा लहानसा देव्हारा करण्याची हौस आहे, परंतु पोट त्यावर अवलंबून नाही, असा गृहस्थ लाकूडकामाच्या प्रदर्शनात तासन् तास का रमतो, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. घरी परतताना त्याच्या पिशवीत फार तर एक पटाशी किंवा शिसवीचा एक ठोकळा असतो; कित्येकदा तेवढेही नसते. तरी त्याच्या मुद्रेवर देवदर्शन घडून आल्याची तृप्ती दिसते. ही तृप्ती न्याय्य आहे, की दुसऱ्याच्या घामाचा तो एक सभ्य उपभोग आहे?

प्रथम त्या आनंदाचे स्वरूप पाहू. बेंगळुरूचे इंडियावूड, दिल्लीचे दिल्लीवूड ही मोठी प्रदर्शने मुख्यतः व्यापारी व कारखानदार यांच्यासाठी भरतात आणि तेथे यंत्रांचाच घोष अधिक. हौशी माणसाचे खरे तीर्थ म्हणजे हस्तकलांचे मेळे. आम्हा बडोदेकरांना या बाबतीत दूर जावे लागत नाही. संखेडे येथून सुमारे ४५ किलोमीटरवर. २०१३ पासून ते छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडते. तेथील खराडी, म्हणजे आपले कातारी, सागाचा दांडा यंत्रावर फिरता ठेवून त्यावर लाखेची कांडी टेकवितात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडास बिलगते, आणि मग केवड्याच्या पानाने ती सारखी करून तिला चकाकी आणतात. संखेड्याच्या पाळण्यावर जी सोनेरी वेलबुट्टी दिसते तीत सोन्याचा कण नसतो. ती कथलाची रुपेरी नक्षी असते. वर लाखेचा थर चढला की तीच सोनेरी भासू लागते.

हे ज्यास ठाऊक नाही तो ‘छान आहे’ म्हणून पुढे जातो. परंतु ज्याने सुट्टीच्या दिवशी गॅलरीत बसून दोन फळ्या काटकोनात जोडण्याचा यत्न केला आहे, तो तेथून हलत नाही. कारागिराचा अंगठा कोठे टेकतो, दाब केव्हा कमी होतो, सागाचा तो किंचित तेलकट वास केव्हा तीव्र होतो, हे सारे तो डोळ्यांनी पाहतो असे म्हणण्यापेक्षा हातांनी पाहतो असे म्हणणेच योग्य. काव्याच्या आस्वादास सहृदय लागतो असे आपले शास्त्रकार सांगतात. त्याच धर्तीवर येथे ‘सहहस्त’ असा शब्द बनविला तर वैयाकरण फारसे रागावणार नाहीत अशी आशा आहे. हौशी माणसाचे घरचे ओबडधोबड काम हीच त्याची अधिकारप्राप्ती. त्याच्या हातून सांधा नीट बसत नाही, म्हणूनच दुसऱ्याचा बसलेला सांधा त्यास कळतो.

जपानात १९९७ पासून केझुरोकाई नावाचे एक संमेलन भरते. तेथे सुतार आपापले रंधे घेऊन येतात आणि लाकडाचे अत्यंत पातळ, अखंड सालपट कोण काढतो याची चढाओढ लागते. १० मायक्रॉनच्या आतली सालपटे तेथे निघतात. माणसाचा केस त्याच्या कित्येक पट जाड असतो. या सालपटाचा उपयोग काय? जवळजवळ काहीच नाही. तरी लोक श्वास रोखून पाहतात.

येथे आमच्यातील एखादा गीताभ्यासू म्हणेल, ‘तर मग हौशी माणसाचे कर्म हेच खरे निष्काम, सुतार मजुरीसाठी रंधा मारतो, हा केवळ कर्मासाठी मारतो.’ हा युक्तिवाद फार सोयीचा आहे, आणि म्हणूनच तो तपासून घ्यावा. फळाचा त्याग करावयाचा तर फळ आधी आपले असावे लागते. ज्याची चूल रंध्यावर पेटते त्याने मन लावून, मोल मिळणार नाही अशा आतल्या बाजूलाही तेवढीच सफाई राखली, तर त्यास निष्काम म्हणावे. आमच्या हौसेला तो शब्द लावणे म्हणजे उपाशी नसलेल्याने उपवासाचे पुण्य मागण्यासारखे आहे. आमची ती क्रीडा आहे. क्रीडा वाईट नव्हे, साक्षात परमेश्वरावरही आपण लीलेचा आरोप करतो. पण क्रीडेला तप म्हणू नये.

आणि पाहण्याच्या क्रीडेत एक धोका आहे. १८८६ साली लंडनला वसाहतींचे व हिंदुस्थानचे मोठे प्रदर्शन भरले. त्यात काम करताना दाखविण्यासाठी येथून कारागीर नेले होते. लोकांनी त्यांचे फार कौतुक केले, आणि राणी व्हिक्टोरियाने स्वोबोडा नावाच्या चित्रकाराकडून त्यांतील कित्येकांची चित्रे काढविली. हे बहुतेक कारागीर आग्र्याच्या तुरुंगातून आणलेले होते. पाहणाऱ्यांना हात दिसला, पण हाताचा मालक कोणत्या स्थितीत तेथे उभा आहे हे विचारण्याचे कारण पडले नाही.

हा दोष परक्यांचाच म्हणून सोडून देण्याआधी आपल्या घरची एक जुनी कथा आठवावी. ऋग्वेदातील ऋभू हे सुधन्व्याचे तीन पुत्र. त्वष्ट्याने घडविलेल्या एका चमसाचे त्यांनी चार केले, अश्विनांना रथ करून दिला, आणि जन्माने मर्त्य असूनही केवळ कौशल्याच्या बळावर अमरत्व मिळविले. पुढचा भाग ऐतरेय ब्राह्मणात आहे. सोमपानात त्यांना वाटा मिळाला खरा, पण त्यांच्या अंगाला माणसाचा वास येतो म्हणून देव त्यांच्यापासून दूर सरले. शेवटी प्रजापतीने सवित्यास सांगितले, की हे तुझे अंतेवासी आहेत, तूच यांच्याबरोबर पी. चमस हवा, रथ हवा, वास मात्र नको! देवांची ही निंदा ब्राह्मणग्रंथाने स्वतःच नोंदवून ठेवली आहे, हे मला त्याचे मोठेपण वाटते.

नागरवाड्यात राहणाऱ्याला ही गोष्ट पोथीतली वाटत नाही. शेजारीच सलाटवाडा आहे. एक नाव लेखणी धरणाऱ्यांचे, दुसरे दगड घडविणाऱ्यांचे. मधली वाट चार पावलांची, आणि ती ओलांडावयास पिढ्या लागल्या. या शहरात १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन स्थापिले आणि त्याची धुरा त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे दिली. गज्जर रसायनशास्त्राचे अध्यापक, आणि सुरतेच्या सुतार घराण्यातले. ते आडनावच गजधर, म्हणजे मापाचा गज धरणारा, या शब्दावरून आले असे सांगतात. पुढे १९०२ साली अहमदाबादच्या काँग्रेसबरोबर भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनाचे उद्‌घाटनही महाराजांनीच केले. त्या काळच्या अशा प्रदर्शनांचा हेतू पाहणाऱ्याची करमणूक हा नव्हता. पाहून गेलेल्याने घरी जाऊन स्वतःच्या मुलाच्या हातात हत्यार द्यावे, हा होता.

तो हेतू किती सफल झाला, हे आपल्या घरांतून पाहावे. मेळ्यात एखादा कारागीर सांगतो, ‘मुलगा कंपनीत लागला, हे काम आता माझ्यापर्यंतच.’ हौशी गृहस्थ हळहळतो, ‘कला बुडाली.’ या हळहळीचा अधिकार त्यास आहे काय? स्वतःच्या मुलास तो कातारीकडे उमेदवारीला धाडणार नाही. दुसऱ्याच्या मुलाने मात्र आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी तेथेच बसून राहावे अशी त्याची अपेक्षा असते. माझ्या मते, मुलगा कंपनीत गेला यात शोक करण्यासारखे काही नाही. शोक करावयाचा तर त्या कामाला मिळणाऱ्या मोलाचा करावा. याहून वेगळी वाटही आहे. सावंतवाडीस गंजिफा व लाखकाम नष्टप्राय झाले असता शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ती विद्या स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच ते काम सुरू केले. राजाची हौस ती, पण तिने शिष्यत्व पत्करले.

कोंकणीत सुताराला ‘मेस्त’ म्हणतात, मराठीत कारागिराला ‘मिस्त्री’. दोन्ही शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आलेले, आणि त्याचा अर्थ उस्ताद, शिकविणारा. शब्दाने आपण त्यास गुरू केले आहे. आचरणाचे काय? गोव्यातील बांदिवड्याच्या महालक्ष्मीच्या सभामंडपात विष्णूच्या लाकडी मूर्तींची ओळ आहे. भक्त मान वर करून त्या पाहतात. आपल्या देवळांतून पालख्या, मखरे, रथ, गर्भागाराचे दरवाजे यांचेही असेच कौतुक होते. देणाऱ्याचे नाव संगमरवरावर असते, करणाऱ्याचे क्वचितच कोठे असते. आणि नवा दरवाजा करावयाचा झाला की कमिटीच्या सभेत पहिला प्रश्न निघतो तो सर्वांत कमी दर कोणाचा, हा.

यापुढे देवळासाठी किंवा घरासाठी कोणी देव्हारा करून घेणार असेल, तर त्याच्या मागील अंगास, जेथे गंध-कुंकू लागत नाही अशा जागी, करणाऱ्याचे नाव, गाव व साल त्याच्याच हाताने कोरून घ्यावे. त्यास अर्धा-पाऊण तास लागेल. त्याची मजुरी किती होईल, ते आधीच विचारून ठेवावे.