राऊळांच्या गावचे लोक

वरठीतलं आमचं घर महानुभावी. सकाळी एकमेकांना दंडवत, देवपूजा, मग यांची सनफ्लॅग कारखान्यातली पाळी. मुलगा स्वमग्न आहे. भंडारा रोड स्टेशनवर ऐकलेली गाडीची घोषणा तो त्याच सुरात दिवसभर म्हणतो. भूक लागली असं मात्र म्हणत नाही. माझा हात धरून भाताच्या गंजापाशी नेतो.

त्याला पाहून कुणी म्हणतं, मागच्या जन्माचं भोगतंय लेकरू. कुणी म्हणतं, देवाचं लेकरू आहे बाई. दुसरं बोलणं मायेचं असतं, तरी मला दोन्ही मान्य नाहीत.

कर्म मी मानते. पण ज्याचा हिशेब परमेश्वरापाशी, तो ओसरीवर बसून दुसऱ्याच्या पोराच्या नावे मांडायचा अधिकार कुणालाच नाही. दोषी शोधायची खोड शिकल्यासवरल्यांनाही असतेच. लिओ कॅनरने १९४३ साली अशा अकरा मुलांचं वर्णन केलं. पुढे १९६७ च्या पुस्तकात ब्रूनो बेटेलहाइमने ठपका ठेवला आईबापांवर, त्यातही आयांच्या कोरडेपणावर. त्याच्या तीन वर्षं आधीच बर्नार्ड रिमलंडने, जो स्वतः अशाच मुलाचा बाप होता, स्वमग्नतेचं मूळ मेंदूच्या घडणीत असल्याचं मांडलं होतं. तरी कितीतरी आया तो ठपका वाहत राहिल्या.

आता देवाचं लेकरू. ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू, म्हणजेच राऊळ, आमच्या पंचकृष्ण अवतारांपैकी एक, चक्रधरस्वामींचे गुरू. वाटेल त्या घरात शिरायचे, हवं ते उचलून खायचे, पोरांशी खेळायचे, स्वतःशी बोलायचे. गाव त्यांना वेडे म्हणे, आणि मायबापही मानी. मी त्यांना कुठलंही निदान चिकटवणार नाही. पण राऊळ देव होते म्हणून लोकांनी सांभाळले, तर माझा पोरगा नुसता माणूस असला म्हणून त्याला सांभाळायचं नाही का?

मला वाट दाखवली ती म्हाइंभटांनी. तेराव्या शतकात त्यांनी राऊळांच्या लीळा एकेक करून जमवल्या: काय खाल्लं, कुठे बसले, कशावर रागावले. इतक्या बारक्या गोष्टी त्यांनी जपण्याजोग्या मानल्या. नागपूरच्या थेरपिस्ट ताईंनीही तेच करायला लावलं. म्हणाल्या, तो ओरडण्याआधी काय घडलं ते रोज लिहा. वहीतून कळलं की कुकरच्या शिट्टीला नव्हे, झाकण लागलं की लगेच तो बिथरतो. शिट्टी कधी होईल याचा भरवसा नसतो ना! आता झाकण लावताना मी "तीन शिट्ट्या" असं सांगते. तो कान झाकून मोजतो आणि तिसरीला गॅस बंद करायला स्वतः येतो.

आमच्यानंतर त्याचं कोण, हे मी पुण्याईवर सोडलेलं नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता आहे. अठरा वर्षांनंतरही पालक नेमायचा असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. धाकटा दीर तयार आहे. अर्जाचं पुढे बघू म्हणाला, आधी ती वही वाचायला दे वहिनी.