दुष्टाचें सौजन्य

‘डेर उंटरगांग’ हा ऑलिव्हर हिर्शबिगेल यांचा जर्मन बोलपट २००४ सालीं निघाला. १९४५ च्या एप्रिल महिन्यांत रशियन तोफा बर्लिनवर धडाडत असतां भुयारांत कोंडून घेतलेला हिटलर आणि त्याच्या भोंवतालचें मंडळ हा त्याचा विषय. पण त्याच्या आरंभींचा प्रसंग अडीच वर्षांपूर्वींचा आहे. ट्राउडल नांवाची बावीस वर्षांची मुलगी चिटणिसाच्या जागेसाठीं हिटलरपुढें येते. भीतीनें टंकलेखनांत चुका होतात. तो रागावत नाहीं. पुन्हा आरंभ करूं या, असें शांतपणें म्हणतो.

अशा प्रसंगांना कित्येकांनीं आक्षेप घेतला. ज्यानें साठ लाख ज्यूंचा संहार करविला, त्याला माणसासारखें दाखविणें म्हणजे त्याच्याविषयीं अनुकंपा उत्पन्न करणें होय, असें त्यांचें म्हणणें. मला हा आक्षेप पटत नाहीं. वाघानें माणूस मारला तर आपण वाघास ठार करतों, त्याच्यावर खटला भरीत नाहीं. दोष लागू होतो तो ज्याला अन्यथा वागतां आलें असतें त्यालाच. हिटलरला राक्षस ठरविणें म्हणजे नकळत त्याला निर्दोष ठरविणें आहे. आणि राक्षस आपल्यांत जन्मत नाहींत असें स्वतःस समजावून निश्चिंत होणेंही आहे.

मग त्या सौजन्याची किंमत काय? तें ढोंग होतें असें म्हणून सुटका होत नाहीं. चिटणिसांशीं तो खरोखरच सौम्यपणें वागे, असें त्यांनींच पुढें सांगितलें. परंतु या सौम्यपणाला त्याला कांहींच मोजावें लागत नव्हतें. आणि तें त्याच्या मर्जीचें दान होतें, समोरच्याचा हक्क नव्हे. मर्जी फिरली कीं दान संपलें. विषाची परीक्षा पाहण्यासाठीं त्यानें आपल्या लाडक्या कुत्रीचाच बळी दिला. ज्या जर्मन प्रजेच्या नांवानें सारें चाललें होतें, तिचे कारखाने व पूल उद्ध्वस्त करण्याची आज्ञा त्यानें १९ मार्च १९४५ रोजीं काढली. हरलेली प्रजा जगण्यास पात्र नाहीं, हा त्यामागचा विचार.

निष्ठेची गोष्टही अशीच. ३० एप्रिलला हिटलरनें आत्महत्या केली. दुसऱ्या दिवशीं गोबेल्स पतिपत्नींच्या सहा मुलांना विष देण्यांत आलें. नाझी मताविना जें जग उरेल त्यांत मुलांनीं जगूं नये, असा त्या मातेचा निश्चय होता. तिच्या ठिकाणीं निष्ठा नव्हती असें कोण म्हणेल? निष्ठा, धैर्य, कृतज्ञता हे गुण स्वयंप्रकाशी नाहींत; ज्या कार्याला ते वाहिले जातात त्यावरून त्यांचें मोल ठरतें. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या भीष्माविषयीं आपल्या मनांत जी अस्वस्थता असते, तिचें मूळ येथेंच आहे.

आणि ट्राउडल? तिनें कोणाचा जीव घेतला नाहीं. आपणांस कांहीं ठाऊक नव्हतें, असें ती पुष्कळ वर्षें मानीत आली. बोलपटाच्या शेवटीं ती स्वतः वृद्धपणीं बोलतांना दिसते. सोफी शोल हिच्या स्मृतिफलकापाशीं तिला उमगलें कीं, तारुण्य ही सबब होऊं शकत नाहीं. सोफी तिच्याच म्यूनिकमध्यें शिकणारी, वयानें जवळजवळ तिच्याएवढीच. हिटलरविरुद्ध पत्रकें वांटल्याबद्दल २२ फेब्रुवारी १९४३ रोजीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, तिचा शिरच्छेद झाला. ट्राउडलला नोकरी लागून तेव्हां फार महिने झाले नव्हते.

सोफीइतकें धैर्य प्रत्येकाकडून मागणें कठोरपणाचें होईल. पण धैर्याच्या आधींची एक पायरी सर्वांच्या आवांक्यांतली आहे. ‘हा माझ्याशीं कसा वागतो?’ एवढ्यावरच धन्याची पारख न करितां, ‘जो या दालनांत येऊंच शकत नाहीं त्याच्याशीं हा कसा वागतो?’ असें विचारणें, ही ती पायरी. ट्राउडलनें तो प्रश्न विचारला नाहीं, आणि धन्याच्या गोड वागणुकीमुळें विचारण्याची गरजही तिला भासली नाहीं. दुष्टाचें सौजन्य खरें असतें, आणि म्हणूनच तें ढोंगापेक्षां अधिक घातक ठरतें.