तह झाला, पण शांती झाली का?



पत्ता सांगताना आपण सहज म्हणतो, "कॅम्प नंबर चार, बॅरक नंबर अमुक." हे शब्द दुसऱ्या महायुद्धाचे आहेत. इंग्रज सरकारने कल्याणजवळ फौजेसाठी ट्रान्झिट कॅम्प उभारला होता. १९४५ साली युद्ध संपले, बराकी ओस पडल्या. दोनच वर्षांनी फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेले जवळजवळ लाखभर लोक त्याच बराकींत राहू लागले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी इथे कोनशिला बसवली आणि कॅम्पचे उल्हासनगर झाले. पत्त्यातला कॅम्प मात्र गेला नाही. युद्ध संपते त्या दिवशी सगळे संपत नाही, हे आपल्याला पोस्टमनसुद्धा रोज सांगतो.

पहिल्या महायुद्धानंतर २८ जून १९१९ रोजी व्हर्साय येथे तह झाला. युद्धाचा दोष जर्मनीच्या माथी मारून जबर दंड ठरवला गेला. वाटाघाटीत जर्मनीला स्थान नव्हते, पोपमहोदयांनाही बोलावणे नव्हते. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी मे १९२० मध्ये विश्वपत्र लिहून बजावले, की तहावर सह्या झाल्या तरी जुन्या वैराची बीजे शिल्लक आहेत, क्षमेवाचून कोणताही तह टिकणार नाही. फारसे कोणी ऐकले नाही. पुढच्या युद्धाला इतरही कारणे होती, पण हिटलरने भांडवल केले ते याच अपमानाचे. त्या दंडापायी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता जर्मनीने ३ ऑक्टोबर २०१० रोजी फेडला. नव्वद वर्षांच्या हिशेबात मध्येच एक महायुद्ध होऊन गेले!

आपल्या देशाने वेगळे केले. इंफाळ-कोहिमाला जपानशी लढताना आपले जवान पडले होते. तरी ९ जून १९५२ रोजी भारताने जपानशी स्वतंत्र तह केला आणि नुकसानभरपाईचा हक्क सोडून दिला. हक्क खरा होता, म्हणूनच सोडण्याला किंमत होती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही न्यायाची व्याख्या पाठ केली होती: ज्याचे त्याला देणे. संत थॉमस अक्वायनस पुढे म्हणतात, की न्याय शांतीच्या वाटेतले अडथळे दूर करतो, पण प्रत्यक्ष शांती घडवते ती प्रीती. परीक्षेत हे लिहून आम्ही चांगले गुण मिळवले. अर्थ कळायला मात्र या धर्मग्रामात यावे लागले.

आपल्यातले दोन भाऊ. वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. त्यांनी घेतलेल्या खोलीवरून वाद झाला. मिटवायला आम्ही बसलो. कागद तपासले, धाकट्याची चूक स्पष्ट होती, तशी ती चार माणसांसमोर लिहून घेतली आणि त्याची सही घेतली. निवाडा चुकीचा नव्हता. घरी येऊन आम्ही समाधानाने जेवलो. धाकटा बदलापूरला राहायला गेला. आता तो थोरल्याच्या मिस्सेची वेळ टाळून येतो, आणि मुलांना चुलतभावंडांची नावे तेवढी ठाऊक आहेत. (हे छापण्यापूर्वी दोघांना विचारले. दोघांचीही हरकत नाही. एवढ्या एका गोष्टीत त्यांचे एकमत झाले.)

आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी त्याच्याकडे जा, असे प्रभू येशू सांगतो. चूक कोणाची होती, हे तो तिथे विचारत नाही. आम्ही तेवढेच विचारले होते. त्या चार माणसांना आम्ही कशासाठी बोलावले, याचे उत्तर अजून आम्हाला नीट देता येत नाही.

गेल्या आठवड्यात थोरला भाऊ आपणहून आला. "फादर, तो कागद फाडला तर चालेल का?" म्हणाला. खोलीचे कायद्याने जे व्हायचे ते होईल. चूक कबूल केल्याचा तो कागद त्याला घरात नको होता. मंगळवारी संध्याकाळी आम्ही दोघे बदलापूरची गाडी पकडणार आहोत. धाकट्याला अजून कळवलेले नाही. प्रार्थनेत आठवण ठेवा.

तुमचे धर्मगुरू