कार्यक्षमता हा सद्गुण आहे काय?

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण पदार्थविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात ऊर्जा हा विशेष विषय घेऊन शिकत आहे. "फादर, यात पोट भरेल ना?" असे त्याच्या आईने आम्हांस विचारले होते. सुट्टीत घरी आलेल्या मुलाचा प्रश्न मात्र त्याहून अवघड निघाला.

ऊर्जा नष्ट होत नाही, हे शाळेत शिकवतात. तिची उपयुक्तता मात्र घटत जाते, हा पाठ पुढचा. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली दाखवून दिले, की उष्णतेवर चालणारे कोणतेही यंत्र सगळ्या उष्णतेचे काम करू शकत नाही. काही भाग सोडून द्यावाच लागतो. सिलिकॉनच्या साध्या सौरघटालाही सुमारे ३० टक्क्यांची मर्यादा आहे, असे शॉकली आणि क्वायसर यांचे १९६१ सालचे गणित सांगते. या मर्यादेच्या आत एकेक टक्का वाढवण्यासाठी हे विद्यार्थी खपतात.

आणि मग जेव्हन्स भेटतो. वॅटच्या इंजिनाला जुन्या इंजिनापेक्षा पुष्कळ कमी कोळसा लागे, तरी इंग्लंडमधील कोळशाचा खप वाढतच गेला. शक्ती स्वस्त झाली म्हणूनच तो वाढला, असे त्याने १८६५ साली लिहिले. "आम्ही वाचवायचे आणि लोकांनी त्यावर आणखी दिवे लावायचे! मग फादर, आम्ही शिकतो कशासाठी?"

आम्ही उत्तर देणार, तोच त्याची नजर खिडकीबाहेर गेली. ख्रिस्तमंदिराचा दर्शनी भाग नोव्हेनाच्या रोषणाईने झळकत होता. पूर्वी साठ वॅटचे मोजके दिवे असत आणि बिलाच्या धास्तीने प्रार्थना संपताच ते मालवले जात. आता नऊ वॅटचा दिवा तेवढाच उजेड देतो. म्हणून आम्ही दिवे कितीतरी वाढवले आणि ते पहाटेपर्यंत ठेवू लागलो. बिल फुगले नाही, त्यामुळे मनाला टोचणीही लागली नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी संयमाला चार प्रमुख सद्गुणांत स्थान दिले. सद्गुण माणसात वसतो, सरावाने मुरतो. कार्यक्षमता यंत्रात वसते आणि यंत्राला निवड नसते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात साधेपणाचा आग्रह धरला, तो याच जाणिवेने.

तथापि वापर वाढणे हेच पाप, असेही आम्हांस म्हणवत नाही. ज्या झोपडीत एकच दिवा आहे, तिथे बचतीतून दुसरा लागला आणि त्याखाली मुलगी अभ्यासाला बसली, तर जेव्हन्सचा नियम तिथे आशीर्वादच ठरतो. वाढ कोणाच्या घरी झाली, हे पाहावे लागते. आणि ते पाहण्यासाठी आधी मोजावे लागते. अडाणी सद्सद्विवेकबुद्धी रोषणाईलाच भक्ती समजून बसते, हे आम्ही स्वानुभवाने लिहीत आहोत.

एवढे आम्ही त्याला सांगितले. त्याचे पुरते समाधान झालेले दिसले नाही. जाताना त्याने चर्चची गेल्या तीन वर्षांची वीजबिले मागितली. ती आम्ही काढून ठेवली आहेत.